चोवीस आणि बारा

रविवार. कडाक्याची थंडी.

माझा एम-१००८ हा अमेरिकी लष्कराचा १९८४ च्या सुमाराचा डिझेल ट्रक. स्टार्टर २४ व्होल्टचा, थंड इंजिन सुरू होण्यासाठी तापणारे आठ ग्लो प्लग मात्र १२ चे. मधला फरक फायरवॉलवरची रेझिस्टर बँक खाते. खरी गोम इथेच! दोन प्लग गेले की प्रवाह घटतो, रेझिस्टर कमी खातात आणि उरलेल्या सहांवर जास्त व्होल्टेज येतं. मग त्यांचाही नंबर लागतो.

वायरी सोडवून टेस्ट लॅम्प १२ व्होल्टच्या प्लसला जोडला, एकेका प्लगला टेकवला. दोन ठिकाणी दिवा लागलाच नाही, म्हणजे ते दोन गेलेले. प्लगना वीज देणारा रिले चिकटलेला नाही, नशीब. नाहीतर प्लगची टोकं फुगून हेडमध्येच अडकतात.

बरेच जण बँक वगळून थेट १२ व्होल्ट देतात. मला पटतं. लष्करी अस्सलपणा जानेवारीत काय कामाचा? उद्या जाड वायर आणायची.