विमान बदलताना मधले पाच तास

आम्हा भंडारेकरांचा विमानतळ म्हणजे नागपूर. गेल्या हिवाळ्यात माझा एक वर्गमित्र तिथे विमान बदलणार होता. मध्ये पाच तास होते. वय ५८, मधुमेह, सकाळपासून बसूनच प्रवास. "इथेच खुर्चीत पडून राहतो," म्हणाला. मी त्याला बाहेर काढले. मेट्रोने थेट झिरो माइल गाठले. स्तंभ आणि चार घोडे पाहिले, रमतगमत चाललो, वेळेवर जेवलो आणि उड्डाणाच्या दोन तास आधी परतलो.

हा केवळ फेरफटका नव्हता. चालताना पोटरीचे स्नायू पायातले रक्त वर ढकलतात. बसून राहिले की ते साचते. चार तासांहून अधिक बसून प्रवास केल्यास शिरेत गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये सांगितले. मुळात हा धोका कमीच असतो, पण वाढलेले वय, लठ्ठपणा, नुकतेच झालेले ऑपरेशन यांनी तो वाढतो.

बाहेर जाणे जमले नाही, तर आतच दर तासाला चाला, पाणी प्या. इन्सुलिन हातातल्या बॅगेत ठेवा. प्रवासानंतर एकच पाय सुजला, दुखला तर लगेच डॉक्टरांना दाखवा. अचानक धाप लागली तर थेट रुग्णालय गाठा.