काकूंच्या नजरेला पडलेला डबा

मी आज नांदेडच्या एका शाळेत शिकवतो, ते दोन माणसांमुळे. एक माझे मराठीचे सर. दुसऱ्या, लातूरच्या ट्यूशन एरियात मुलांना डबे पुरवणाऱ्या काकू.

दहावीला गुण बरे पडले आणि वडिलांनी सोयाबीन विकून मला मुखेड तालुक्यातून लातूरला पाठवलं. परीक्षांच्या तयारीच्या ‘लातूर पॅटर्न’चा तेव्हा घराघरांत बोलबाला होता. खोलीतले दोघे माझ्याहून मोठे, पुन्हा परीक्षेला बसलेले. माझ्या बोलीची नक्कल करायची, वह्या लपवायच्या, डोळा लागला की अंगावर पाणी ओतायचं, हे रोजचंच. जागरणाला बरी म्हणून तंबाखूची पुडीही त्यांनीच हातावर ठेवली. घरी सांगावं तर फी भरताना वडिलांचा झालेला चेहरा आठवायचा.

मग जेवण तुटलं. घरमालकाला काही कळलं नाही. ट्यूशनच्या भरगच्च बॅचमध्ये कुणाला कळणार? काकूंना मात्र कळलं, कारण माझा डबा भरलेला परत जात होता. एक दिवस त्या स्वतःच जिना चढून आल्या. “डबा कामून तसाच ठेवायलास रे लेकरा?” माझ्याच्यानं बोलवेना. त्या तिथून थेट सरांकडे गेल्या. सरांचाही डबा त्यांच्याकडचाच होता.

सरांनी उपदेश केला नाही. आधी खोली बदलून दिली. वडिलांना बोलावलं आणि मला समोर उभं करण्याआधी त्यांच्याशी स्वतः बोलले. सरकारी दवाखान्यात मानसोपचाराच्या ओपीडीत घेऊन गेले. नंबर येईपर्यंत बाकावर माझ्या शेजारी पेपर तपासत बसायचे. मानसोपचार म्हणजे वेड्यांचा दवाखाना, असं आमच्या गावात मानत. सर शेजारी होते म्हणून मी तिथून उठून पळालो नाही.

व्यसन हा आजार आहे, हे पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६पासून सांगत आलं. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णींचा ‘वेध’ हा उपक्रम लातुरातही मुलांशी मनमोकळं बोलत आला. या कामाचं मोल मी जाणतो. शाळेपासून शंभर यार्डांत तंबाखू विकायची नाही, असा २००३चा कायदा आहे. त्याची पाटी आमच्याही भिंतीवर आहे. जुलै २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांना, कोचिंग क्लासेसनाही, प्रशिक्षित समुपदेशक नेमायला सांगितलं. शिक्षकांना आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यायलाही सांगितलं. मला यातली ही दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. त्रासलेलं पोर समुपदेशकाच्या दारापर्यंत आपणहून जात नाही. मी तरी गेलो नसतो.

म्हणून आमच्या शाळेत मुलांच्या मानसिक आरोग्याची बैठक असली की खिचडी शिजवणाऱ्या ताई, शिपाईमामा आणि रिक्षावाले काका यांना मी आग्रहाने बोलावतो. कोण एकटं बसतं, कोण ताट सरकवतं, कुणाच्या दप्तराला रोज लाथ बसते, हे त्यांना आमच्याआधी दिसतं. काकू आता नाहीत. त्यांचं ऋण फेडण्याची माझ्याजवळ एवढीच वाट आहे.

लातूर-नांदेडात मेस चालवणाऱ्या, मुलांना खोल्या देणाऱ्या सगळ्यांना माझं हात जोडून सांगणं आहे: डबा भरलेला परत आला तर जिना चढून जा, विचारा, आणि ते पोर ज्याचं ऐकेल अशा माणसाला कळवा. कुणीच सापडलं नाही तर १४४१६ या ‘टेलि-मानस’ मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या क्रमांकावर फोन लावून द्या. तो मोफत आहे, रात्रंदिवस चालू असतो आणि मराठीतही बोलता येतं.