वरच्या कोपऱ्यातला ठिपका

मोतीबिंदू काढल्यापासून केंद्रवार निकालाच्या नमुना 20चे आकडे मला एक विद्यार्थिनी वाचून दाखवते. परवा एका वाडीच्या केंद्राशी ती अडखळली. "सर, मतदान भरघोस आणि सगळं एकाच पारड्यात. रशियातल्यासारखं!"

शिकवलं मीच होतं. पेटर क्लिमेक आणि सहकाऱ्यांचा निवडणुकीतल्या गैरप्रकारांवरचा 2012चा निबंध कौतुकाने हातात दिला होता: आडव्या अक्षावर मतदान, उभ्यावर विजेत्याचा वाटा, वरच्या उजव्या कोपऱ्यात डाग दिसला की सावध व्हायचं.

पण आमच्या रायगडातल्या श्रीवर्धनकडे तो डाग गावकीही पाडते. देवळात बैठक बसते, मुंबईच्या मंडळाला निरोप जातो आणि मतदानाच्या पहाटे चाकरमान्यांची बस वाडीत उभी राहते. बसमुळे मतदान चढतं, बैठकीमुळे वाटा. यंत्राला कुणी बोटही लावलेलं नसतं. मग बस कुठली आणि बोगस मत कुठलं, हे ठिपक्यावरून ओळखायचं कसं? दहा वर्षं मी इथेच घुटमळतोय. तीच वाडी लोकसभेला कशी वागली, विधानसभेला कशी, हे जोडून पाहिलं. मुंबईकरांची नावं अंदाजाने वजा करून पाहिली. बस आली नाही की ठिपका खाली घसरतो, एवढंच हाती लागलं.

7 मे 2024ला निवडणूक आयोगाचे परदेशी पाहुणे रायगडातली मतदान केंद्रं पाहून गेले. रांग दिसली असेल, शाई दिसली असेल. बैठक आदल्या आठवड्यातच उरकलेली असते. त्यांच्यापेक्षा मला चीड येते ती लॅपटॉपवाल्यांची. केंद्रावर मतदार हजार-दीड हजार, आणि हे आकड्यांच्या पहिल्या अंकावरून लबाडी हुडकायला बेनफर्डचा नियम लावणार. पाचवीच्या वर्गातली वयं मोजून 'सगळी एकनेच सुरू होतात' म्हणून बोंब मारण्यातला प्रकार!

अर्थात 2014च्या विधानसभेला इथला निकाल 77 मतांनी लागला, तेव्हा नाक्यावर चहा पीत बेनफर्ड सांगणारा मीच होतो. लोक गप्प होऊन ऐकायचे. फार बरं वाटायचं. त्याच वर्षी लोकसभेला अनंत गीते 2,110 मतांनी निवडून आले आणि हरलेल्या सुनील तटकऱ्यांशी नामसाधर्म्य असलेल्या अपक्षाला 9,849 मतं पडली होती. त्यावर मात्र माझ्या एकाही चाचणीला चकार शब्द काढता आला नाही. आकडे खरेच होते ना!

"लाल करू का हा ठिपका?" विद्यार्थिनीने विचारलं.

"आधी बसचं भाडं कुणी भरलं ते विचारून ये."

"त्याचा रकाना कुठे घालू, सर?"