अमावास्येची सुटी

सुटी आणि सण हे दोन शब्द आपण अलीकडे इतक्या सहजपणे जोडीने उच्चारतो की, ते सख्खे भाऊ नसून नुसते शेजारी आहेत याची आठवण फारशी कोणास राहिलेली नाही. सुटी देणारा कोणीतरी असावा लागतो. मुख्याध्यापक, कचेरीतील साहेब किंवा सरकार यांच्यापैकी कोणी मंजूर केल्यावाचून ती मिळत नाही. आणि एकदा मिळाली म्हणजे ती पुण्यास, मुंबईस किंवा आमच्या कळमनुरीस सारखीच उपभोगता येते. सण मात्र कोणी मंजूर करीत नाही. आकाशातील चंद्रसूर्य आणि जमिनीतील पीक यांच्या परस्पर ठरावाने तो येतो आणि त्याला उतरावयास जागा लागते. ही जागाच नाहीशी झाली तर सणाने कोठे जावे, हा प्रश्न माझ्या मनात कधी आला नव्हता. तो २०२४ च्या डिसेंबरात आमच्या घरी पाहुणा म्हणून आला.

माझ्या नातवंडांची शाळा पुण्यातील. तिची हिवाळी सुटी नाताळाबरोबर लागते आणि नव्या वर्षाच्या पहिल्या-दुसऱ्या तारखेस संपते. ते आठ दिवस मुलांनी आजोळी काढावे असा आमचा आग्रह असतो, आणि तो केवळ मायेचा नाही. शहरातल्या मुलाला हिवाळा म्हणजे एक स्वेटर. आमच्याकडे त्याच हिवाळ्यात हरभऱ्याला घाटे धरतात, बोरी लालसर होतात, हळदीची पाने पिवळी पडून झुकू लागतात आणि सकाळच्या शेकोटीभोवती जातपात, वय व विद्वत्ता विसरून माणसे हात पुढे करून बसतात. त्या वर्षी मुलांबरोबर त्यांचे दुसरे आजी-आजोबा, म्हणजे माझे व्याही आणि विहीणबाई, हीही आली. सात वर्षांची नात आणि चार वर्षांचा नातू यांना एकाच घरात दोन आजोबा व दोन आज्या लाभल्यामुळे त्यांच्या राज्यात हट्ट पुरविणाऱ्या अधिकाऱ्यांची संख्या एकदम दुप्पट झाली.

व्याही मूळचे लातूर जिल्ह्यातील औसा तालुक्याचे. वय बहात्तर. दोन्ही मुले पुण्यास, गुडघे थकलेले, आणि शेती बटईने लावून दुरून सांभाळणे होईना, म्हणून त्यांनी जमीन विकली. 'विकली' हे क्रियापद मी त्यांच्या तोंडून कधी ऐकले नाही. ते म्हणतात, "रान गेलं." घरातले माणूस गेल्यावर जे क्रियापद वापरावयाचे, तेच. पुण्यास ते सज्जात खुर्ची टाकून बसतात आणि नातवंडांना शाळेच्या गाडीपर्यंत पोचवितात. मुलांना ठाऊक असलेले आजोबा ते एवढेच होते.

येऊन दोन दिवस झाले असतील. सकाळच्या चहाच्या वेळी ते संकोचाने मला म्हणाले, "सर, सोमवारी येळवस आहे. तुमच्या रानात एवढी कोप घालू का?"

येळवस म्हणजे वेळ अमावास्या, मार्गशीर्षातील अमावास्या. लातूर-धाराशिवकडे आणि त्यास लागून असलेल्या कानडी मुलखात शेतकऱ्याचा याहून मोठा सण नाही. नावाची व्युत्पत्ती मजेची आहे. कानडीत 'एळ्ळु' म्हणजे तीळ, म्हणून ती तिळाची अमावास्या असे कोणी म्हणतात. 'एळु' म्हणजे सात, म्हणून पेरणीच्या ज्येष्ठापासून मोजलेली ती सातवी अमावास्या असे दुसरे म्हणतात. पंडितांनी या वादाचा निकाल खुशाल लावावा. भरल्या रानात जेवावयास बसलेल्या माणसाला दोन्ही अर्थ गोड लागतात. त्या दिवशी लातूर शहरातले रस्ते ओस पडतात, कारण ज्याचे शेत आहे तो आपल्या शेतात असतो आणि ज्याचे नाही तो दुसऱ्याच्या शेतात पाहुणा असतो. तेथील जिल्हाधिकारी या दिवशी स्थानिक सुटी जाहीर करतात. सण आधी येऊन बसलेला असतो; सुटी त्याच्या मागून धावत येते. असा देखावा आता विरळाच.

परवानगी कसली मागावयाची? पण मागणाऱ्याच्या बाजूने पाहिले म्हणजे तिचे वजन कळते. आयुष्यभर स्वतःच्या कोपीत दहा-वीस माणसांना आग्रहाने जेवू घालणाऱ्याने, पूजेपुरती चार हात जमीन दुसऱ्याकडे मागावी, आणि तीही सुनेच्या माहेरी! त्यांच्या डोळ्यांकडे न पाहता मी एवढेच म्हणालो की, रान मुलांच्या आजोबांचे आहे; कोणत्या आजोबांचे, हे विचारण्याचे कारण नाही.

अडचण निघाली ती निराळीच. कोपीला ज्वारीच्या कडब्याच्या पाच पेंढ्या लागतात, आणि आमच्या रानात ज्वारी नव्हती. आमच्या हिंगोली जिल्ह्यात आता सोयाबीन, कापूस व हळद यांचे राज्य आहे. आमच्या शेजारच्या वसमतच्या हळदीला तर भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. ज्वारी मात्र गुरे राखणाऱ्यांपुरती उरली आहे. शेवटी बांधाशेजारच्या एका मुसलमान शेतकऱ्याने आपल्या म्हशींसाठी रचलेल्या गंजीतून पाच पेंढ्या काढून दिल्या आणि मोबदला म्हणून जेवणाचे आमंत्रण आनंदाने स्वीकारले.

आदल्या रात्री विहीणबाईंनी स्वयंपाकघराचा ताबा घेतला. सुनेच्या माहेरी विहिणीने पाटावर बसून मान घ्यावयाचा, चुलीशी बसावयाचे नाही, हा रिवाज माझ्या पत्नीने दोनदा सांगून पाहिला आणि मग मुकाट्याने शेंगा सोलावयास बसली. ज्वारीच्या पिठाची आंबील ताकात आंबविली गेली. तुरीचे व हरभऱ्याचे हिरवे दाणे, वाल, शेंगदाणे, पालेभाज्या आणि चिंच यांची भज्जी, बाजरीचे उंडे, तिळाच्या पोळ्या, गव्हाची खीर, असा तो थाट होता.

सोमवारी सकाळी व्याह्यांनी रानात पेंढ्या उभ्या केल्या, त्यांचे शेंडे एकत्र ओढले आणि कडब्याचेच एक ताट पिळून त्याची गाठ मारली. दोरी नाही, तार नाही. माझा जावई मोठा इंजिनियर; त्याने ती गाठ मारून पाहिली आणि ती तीन वेळा सुटली. नात आजोबांच्या हातांकडे टक लावून पाहात होती. तिने विचारले, "आजोबा, तुम्हाला हे कोणी शिकवलं?" ते म्हणाले, "माझ्या आज्यानं." मग त्यांनी तिचा हात आपल्या हातात धरून एक गाठ तिच्याकडून मारविली. ती सुटली नाही.

नातवाकडे पाच दगड गोळा करून त्यांना चुना लावण्याचे काम होते. कोपीत मांडावयाचे ते पाच पांडव. तो हरभऱ्यातून धावत आला तेव्हा पानांवरची आंब त्याच्या बोटांना लागली होती, आणि बोटे चाटून त्याने जो चेहरा केला त्यावर दोन्ही घराणी एकदम हसली. पूजा झाली. व्याही पुढे होऊन रानाच्या चहू कडांनी आंबील शिंपीत चालले, तोंडाने ती जुनी आरोळी देत. तिचे निम्मे शब्द कानडी असावेत आणि अर्थ कोणीच विचारीत नाही. मागोमाग मुले तीच आरोळी अधिक मोठ्याने देत होती. रस्त्याने जाणाऱ्या दोघा मजुरांनाही हाक मारून पंक्तीला बसविण्यात आले.

जेवताना व्याह्यांनी सहज सांगितले की, ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात त्यांचे घर पडले होते. त्या हिवाळ्यात घर नव्हते, पण कोप उभी राहिली होती. "घर पडलं, रान होतं," ते म्हणाले, आणि पुढचे वाक्य त्यांनी आंबिलीच्या घोटाबरोबर गिळले.

त्या रात्री मी पंचांग घेऊन बसलो. चांद्र वर्ष सौर वर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी लहान. म्हणून ही अमावास्या दर साल मागे सरते आणि अधिक मास आला की पुन्हा पुढे ढकलली जाते. तिथी व तारीख यांची जोडी जवळजवळ त्याच जागी परत यावयास एकोणीस वर्षे लागतात. मध्यंतरी ती नाताळच्या सुटीत साधारणपणे तीन वर्षांतून एकदा सापडते. २०२५ साली ती सुटी लागण्यापूर्वी यावयाची, त्यापुढची २०२७ च्या जानेवारीत शाळा उघडल्यावर. दोघींची भेट पुन्हा २०२७ च्या डिसेंबरात. सौर संक्रांतीची चाल याहून संथ. विवेकानंद १८६३ साली संक्रांतीच्या दिवशी जन्मले, तेव्हा तारीख १२ जानेवारी होती. आज ती १४ किंवा १५ असते. सुमारे बहात्तर वर्षांत एक दिवस, असा हा हिशेब. म्हणजे माझ्या व्याह्यांच्या साऱ्या आयुष्यात संक्रांत एकच पाऊल पुढे सरकली!

आकाशाला घाई नाही. घाई आपल्याला आहे. आजोबा आणि नातवंडे यांची आयुष्ये एकमेकांवर पडतात ती पंधरा-वीस वर्षेच, आणि तेवढ्यात सुटी व अमावास्या यांची गाठ पडते ती फार तर पाच-सहा वेळा. बाप त्या वयात नोकरीच्या जुवाखाली असतो. सणाचा वारसा म्हणूनच त्याला ओलांडून आज्याकडून नातवाकडे जातो. जमीन विकता येते, तिची खरेदीखते होतात. पिळलेल्या कडब्याची गाठ कोणत्याच खरेदीखतात लिहिली जात नाही, म्हणून ती विकणाऱ्याजवळ उरते. आणि ती घेऊन तो दुसऱ्याच्या बांधावरही सण उतरवू शकतो. मात्र ती गाठ हातातून हातात द्यावी लागते. तिला पत्राने, चित्राने किंवा माझ्यासारख्याच्या व्याख्यानाने पोचविता येत नाही.

पंचांगावर विसंबून राहावयाचे नाही असे मी ठरविले आहे. मुलांच्या शाळेकडे दर वर्षी दोन दिवसांची रजा मागावयाची. ती मिळो न मिळो, अर्ज करावयाचा. आणि हरभऱ्याच्या कडेने, बांधालगत, चार ओळी ज्वारी पेरावयाची. बटईदाराने विचारले, "सर, एवढ्याशा ज्वारीचं काय होणार?" मी सांगितले, पाच पेंढ्या.