सोन्याचा पाळणा

आमच्या वणीत खाण म्हटली की कोळसाच. राजूर, उकणी, निलजई, कोलारपिंपरी ही नावे मुलांना पाढ्यांसारखी पाठ असतात, कारण कुणाचे अब्बा, कुणाचे मामू तिथे कामाला असतात. मदीनेच्या प्रदेशातही एक खाण आहे आणि ती सोन्याची आहे, असे वर्गात सांगितले तेव्हा एका मुलीने लगेच विचारले, "सर, तिथं खाली कोण उतरायचं?" कोळशाच्या गावातल्या मुलीलाच हा प्रश्न सुचावा.

त्या खाणीचे नाव महद-उज्-जहब. महद म्हणजे पाळणा, जहब म्हणजे सोने. मदीना मुनव्वराच्या आग्नेयेला, हिजाजच्या उजाड डोंगराळ वाळवंटात ती आहे. सोन्याबरोबर तिथे चांदी, तांबे आणि जस्तही निघते. पूर्वी हा मुलूख बनू सुलैम कबिल्याचा होता, म्हणून जुन्या ग्रंथांत 'मअदन बनी सुलैम', म्हणजे बनी सुलैमची खाण, असे नाव येते. खलिफा हारून रशीद यांच्या पत्नी जुबैदा यांच्या नावाने ओळखला जाणारा कूफा ते मक्का हा हजचा रस्ता इथूनच जाई. हाजींचा काफिला आणि खाणीतले मजूर एकाच मुक्कामाचे पाणी पीत असतील.

अब्बासी काळानंतर खाण ओस पडली. १९३०च्या दशकात शाह अब्दुल अजीज यांच्यासाठी पाणी आणि खनिजे शोधणारे अमेरिकन अभियंते कार्ल ट्विचेल यांच्या नजरेस ती पुन्हा पडली. तिथे सापडले काय, तर टाकाऊ दगडांचे प्रचंड ढीग, दगडी हातोडे आणि जाती. आपल्या दादी-नानी ज्वारी दळायच्या, तसे ते लोक सोन्याचा दगड दळत होते! १९३९ ते १९५४ या काळात तिथून साडेसात लाख औंसांहून अधिक सोने आणि सुमारे दहा लाख औंस चांदी काढली गेली. १९८८ पासून काम पुन्हा सुरू आहे.

पण मला जास्त महत्त्वाचे वाटते ते हे, की जमिनीखालच्या दौलतीबद्दल दीनने सुरुवातीपासून नियम घातले. प्रेषितांनी (स.) कबलिय्या भागातल्या खाणी बिलाल बिन हारिस मुजनी (रजि.) यांना दिल्या (अजान देणारे हजरत बिलाल (रजि.) वेगळे) आणि त्यांतून जकात घेतली जात राहिली. दुसरी हकीकत यमनमधल्या मआरिबच्या मिठाची. एका सहाबींनी ते मागितले आणि त्यांना मिळालेही. मग कुणीतरी लक्षात आणून दिले की हे मीठ वाहत्या पाण्यासारखे आहे, जो येईल तो घेतो. तेव्हा प्रेषितांनी (स.) ते परत घेतले. आपण हनफी लोक खाणीच्या सोन्या-चांदी-तांब्यावर पाचवा हिस्सा मानतो, कोकणातले आपले शाफई भाऊ सोन्या-चांदीवर चाळिसावा. आकडा वेगळा असला तरी गरिबाचा हक्क दोघेही मानतात.

हे सारे मी वाचायला घेतले त्याला कारण एका विद्यार्थ्याचे अब्बा. ठेकेदाराकडे खाणीत काम करतात. शाळा सुटल्यावर आले आणि फाटकाजवळच म्हणाले, "गुरुजी, बयानात ऐकलं की खाणीत मेलेल्याचं खून माफ असतं. मग माझं काही झालं तर घरच्यांनी पैसे घेणं हराम का?"

हदीस खरी आहे. बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. जनावर, विहीर आणि खाण यांमुळे झालेल्या इजेची दियत नाही, आणि त्याच हदीसमध्ये पुढे गाडलेल्या धनावरच्या पाचव्या हिश्श्याची गोष्ट येते. मी आलिम नाही, म्हणून उर्दू शरह घेऊन मौलवीसाहेबांकडे गेलो. त्यांनी सांगितले, हा मसला मालकाचा कसूर नसेल तेव्हाचा आहे. आपल्या हक्काच्या जमिनीत नीट खोदकाम चालू असताना दरड कोसळली, तर मालकाला खुनी धरत नाहीत. दुसऱ्याच्या जमिनीत किंवा वाटेत खोदले, तर जिम्मेदारी त्याच्यावर येते. आणि कामाच्या अटी हा करार आहे. करार पाळण्याचा हुकूम सूरह माइदाच्या पहिल्याच आयतीत आहे. आपल्या देशात कामावरच्या अपघाताची भरपाई १९२३ पासून कायद्याने ठरलेली आहे आणि ती ठेकेदाराच्या मजुरालाही लागू होते. ती घेणे हक्क आहे, खैरात नाही. तसे म्हणाल तर वाचलेली अर्धी हदीस जास्त धोक्याची.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना बोलावून हे सांगितले. ते बराच वेळ गप्प बसले. मग मी विचारले, हजेरीपटावर नाव आहे ना? त्यांनी खिशातून एक मळलेले कार्ड काढले. नाव होते, पण आधारवरच्या नावाशी जुळत नव्हते, आणि वारसाचा रकाना कोरा होता. घरी भाभींनाही हे ठाऊक नव्हते. नाव दुरुस्त करण्याचा मराठी अर्ज आम्ही स्टाफरूममध्ये बसून लिहिला. वारसाच्या जागी त्यांनी बीवीचे नाव सांगितले, आणि तिच्या नावातला 'ज' नुक्त्याचा की साधा, यावर आमची पाच मिनिटे गेली.