काय पडलं?

आमच्या घरी सकाळचा पेपर मी मोठ्यानं वाचतो आणि आई आतून ऐकते. इतकी वर्षं वाचून माझं असं मत झालंय, की मराठी वर्तमानपत्राचा सगळा संसार ‘पडणे’ या एकाच क्रियापदावर चाललेला आहे.

पहिल्या पानावर सरकार पडतं. १९९९ साली वाजपेयींचं तर एका मतानं पडलं. व्यापाराच्या पानावर बाजार पडतो. २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स एका दिवसात ३,९३४ अंकांनी पडला. खेळाच्या पानावर विकेट पडतात. त्याच वर्षी डिसेंबरात ॲडलेडला त्या इतक्या भराभर पडल्या, की आपला डाव ३६ धावांतच आटोपला. आतल्या पानांत दरोडे पडतात, धाडी पडतात, नाटकं पडतात. पावसाची तर गंमतच. तो पडला तरी बातमी, न पडला तरी बातमी!

आम्हां बँकवाल्यांची मात्र संध्याकाळी कॅश कमी पडते. ती पेपरात येत नाही, पगारातून जाते.

परवा असाच वाचत होतो. मोरीतून धप्पकन आवाज आला.

“आई, काय पडलं गं?”

“काही नाही रे, तांब्या पडला. तू वाच पुढे, कोण कोण पडलं ते.”

पेपर टाकून धावलो. तांब्या फळीवर जागच्या जागी होता.

हल्ली मी पेपर मोरीच्या दाराशी बसून वाचतो.