ऑइल प्रेशरचा काटा

गुम्मिडिपूंडी, मे महिना. चेन्नई-कोलकाता महामार्ग सोडून जुनी डिझेल जीप सिपकॉट औद्योगिक वसाहतीकडे वळवली. सावलीत थांबताच ऑइल प्रेशरचा काटा तळाला टेकला. रेस दिली की चढे, सोडली की पुन्हा खाली. इंजिन तिथल्या तिथे बंद केलं. प्रेशर गेलं की क्रँक आणि बेअरिंग यांच्यामधला ऑइलचा पातळ थर तुटतो आणि धातूला धातू घासू लागतो.

डिपस्टिकवर पातळी बरोबर होती, ऑइलला डिझेलचा वासही नव्हता. गॅरेजवाल्या अण्णांनी सेन्सर काढून तिथे यांत्रिक मीटर जोडला. गार इंजिनला प्रेशर उत्तम. तापल्यावर आयडलिंगला जेमतेम पाच पीएसआय. म्हणजे काटा खरं सांगत होता. फिल्टर बदलूनही फरक पडला नाही. आता रिलीफ व्हॉल्व्ह तपासायचा, मग ऑइल चेंबर उतरवून पंपाची जाळी, पंप आणि शेवटी बेअरिंगची झीज पाहायची.

कुणी म्हणालं, जाड ऑइल भरा. त्याने काटा वर जाईल, झीज मात्र आत चालूच राहील. जुन्या गाडीवर जीव असेल, तर नुसता काटा वर आणून समाधान मानू नका. आधी मोजा, मगच खोला.